सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांचं प्रशिक्षण: आधी शिक्षकाला प्रश्न पडू द्या

प्रश्न असा आहे: "सामाजिक शास्त्रं अनुभवातून, परिसरातून आणि प्रश्नांचा माग काढत कशी शिकवावीत, याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण आम्ही शिक्षकांना देतो. शिक्षक मनापासून भाग घेतात, अभिप्रायही उत्तम येतात. पण महिन्याभरानं वर्गात जाऊन पाहिलं तर पुन्हा धड्याचं वाचन, फळ्यावर मुद्दे आणि स्वाध्यायाची तयार उत्तरं. आमचं कुठे चुकतं? नव्यानं आखायचं झालं तर सुरुवात कुठून करावी?"

मी बरीच वर्षं हेच काम करते आहे आणि जे तुम्ही पाहिलंत ते मीही पाहिलं आहे. शिक्षकांच्या इच्छेत खोट नसते, हे आधी सांगते. शिकवणं म्हणजे काय, याचं एक चित्र शिक्षकाच्या मनात फार आधीपासून पक्कं बसलेलं असतं. डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1975 मध्ये त्यावर बोट ठेवलं होतं. शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थ्यानं सुमारे 13,000 तास शिक्षकांच्या समोर बसून काढलेले असतात, असा त्यानं हिशेब मांडला. म्हणजे माणूस शिक्षक होण्याच्या किती तरी आधी शिकवण्याची उमेदवारी करत असतो, आणि तीही केवळ बाकावरून पाहून. शिक्षक फळ्यावर काय लिहितात ते त्याला दिसतं. एखादा प्रश्न विचारण्याआधी त्यांनी काय विचार केला, कोणता प्रश्न गाळला, हे कधीच दिसत नाही. अशा 13,000 तासांसमोर तुमचे दोन दिवस म्हणजे फार तर बारा तास. त्या बारांतले आठ तास 'अनुभवाधारित शिक्षण म्हणजे काय' यावरच्या व्याख्यानात गेले, तर शिक्षकानं अनुभवलं काय? पुन्हा एक व्याख्यानच. तो शाळेत परत जाऊन तेच करतो, आणि त्याच्या बाजूनं पाहिलं तर त्यात काही चूक नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की पहिल्या दिवशी 'पद्धत' हा शब्दच उच्चारू नका. शिक्षकाला आधी स्वतः अडू द्या. समोर खरी जागा असावी, खरा प्रश्न असावा आणि त्याचं उत्तर तुमच्या खिशात नसावं. ज्याला स्वतःला परिसरात कधी प्रश्न पडला नाही, हाती आलेल्या पुराव्यामुळे ज्याला आपलं मत कधी बदलावं लागलं नाही, तो मुलांना या वाटेनं नेऊ शकत नाही. त्याला कितीही चांगली पुस्तिका द्या.

यात नवीन काही नाही. ल्यूसी स्प्रेग मिचेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीटवर शिक्षक घडवणारी संस्था सुरू केली. 1935 पासून त्या भावी शिक्षकांना बसनं लांबच्या अभ्यासदौऱ्यांवर नेऊ लागल्या. कोळशाच्या खाणींचा मुलूख, धरणांची कामं, तिथं राबणारी माणसं, त्यांची घरं, हे सगळं या शिक्षकांनी पाहिलं. महामंदीचा काळ होता, त्यामुळे पाहण्यासारखं आणि अस्वस्थ होण्यासारखं पुष्कळ होतं. त्या दौऱ्यात एकही मूल नव्हतं, ही बाब मला मोलाची वाटते. मुलांना भूगोल शिकवायचा तर मोठ्यांनी तो आधी पायाखाली घालावा, हा त्यामागचा विचार होता.

तुम्हाला लांब जायची गरज नाही. मी शाळेच्या फाटकापासून 500 पावलांची हद्द ठरवून घेते. लहान हद्दीचा फायदा असा की शिक्षक नंतर मुलांना तिथंच नेऊ शकतो. त्यासाठी गाडी लागत नाही, खर्च लागत नाही, सहलीची परवानगी लागत नाही. शिवाय रोज डोळ्यांखालून जाणारी जागा पुन्हा पाहायला लावणं, हेच तर आपल्याला शिकवायचं असतं.

एक प्रसंग सांगते. शाळेजवळच्या ओढ्यावर एक छोटा पूल होता. सहा शिक्षकांचा गट, वेळ 40 मिनिटं. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही आणि वहीत फक्त दिसतं तेच लिहायचं. 'जुना', 'सुंदर', 'ऐतिहासिक' हे शब्द बंद, कारण ते निष्कर्ष आहेत, निरीक्षणं नाहीत. दहा मिनिटं झाल्यावर गटातले सर्वांत अनुभवी सर म्हणाले, "पूल कधीचा ते कळलं. कठड्यावरच्या पाटीवर साल आहे." विषय तिथंच संपला असता. मी एवढंच म्हटलं, "पाटी पूर्ण वाचू या का?" पाटीची खालची ओळ झिजली होती. एका बाईंनी तिच्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली, तेव्हा अक्षरं उमटली: 'रुंदीकरण'. म्हणजे ते साल पूल बांधल्याचं नव्हतं, रुंद केल्याचं होतं. मग सगळे वाकून खाली पाहू लागले. वरच्या अंगाचा निम्मा पूल घडीव दगडाचा होता आणि खालच्या अंगाचा काँक्रीटचा. दोन्हींच्या मधली सांध्याची रेघ स्पष्ट दिसत होती. ते सर त्या पुलावरून 22 वर्षं ये-जा करत होते. ते बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "पण रुंद करायची वेळ का आली? अशी कोणती वाहतूक वाढली?"

हा प्रश्न कुठल्याही स्वाध्यायात नव्हता. तो त्यांना पडला होता. त्यानंतर मला काहीच करावं लागलं नाही. तिथं बसलेल्या एका आजोबांना कुणी तरी विचारलं, कुणी पलीकडच्या वस्तीतल्या घरांची बांधणी पाहून आलं, कुणाला सार्वजनिक बांधकाम खात्याची जुनी कागदपत्रं कुठे मिळतील याची चिंता लागली. 40 मिनिटांचे 90 झाले.

पण इथेच थांबलात तर प्रशिक्षण झालं नाही, छान फेरफटका झाला. परतल्यावर दुसरं काम सुरू होतं आणि बहुतेक ठिकाणी नेमकं तेच गाळलं जातं. मी वहीचं जोडपान वापरायला लावते. डाव्या पानावर 'मला काय कळलं', उजव्या पानावर 'ते कळावं म्हणून मार्गदर्शकानं काय केलं आणि काय टाळलं'. उजवं पान भरताना शिक्षक अडखळतात, कारण शिकणाऱ्याच्या जागेवरून उठून शिकवणाऱ्याच्या जागेवर बसावं लागतं. दहा मिनिटं गप्प का बसवलं? विशेषणं का बंद केली? सरांनी साल सांगितलं तेव्हा 'चूक' असं का म्हटलं नाही? 'पाटी पूर्ण वाचू या का' हे वाक्य नेमकं त्या क्षणी का आलं? हे निर्णय एकेक करून उघडे करावे लागतात. बाकावरून 13,000 तास जे दिसलं नाही, ते इथं दाखवायचं असतं. फेरफटक्याला दीड तास दिला असेल तर या चर्चेला किमान तेवढाच वेळ ठेवा.

नुसता अनुभव शिकवत नाही, हे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी 1938 मध्येच स्पष्ट लिहून ठेवलं आहे. काही अनुभव तर शिकण्याच्या आड येतात. त्यांनी शिकागोत चालवलेल्या प्रायोगिक शाळेचं एक उदाहरण मी प्रत्येक गटाला सांगते. कपडा कसा तयार होतो, या विषयात मुलांच्या हातात कच्चा कापूस आणि लोकर दिली होती. अर्धा तास खपून बोंडातली सरकी वेगळी केली तेव्हा एक औंसही, म्हणजे 28 ग्रॅमही कापूस निघाला नाही. हातानं एक माणूस दिवसभरात किती कापूस सरकीपासून वेगळा करेल याचा अंदाज मुलांना बोटांतून आला, आणि आपले पूर्वज सुती कपड्यांऐवजी लोकरीचे का वापरत होते, हा इतिहासाचा प्रश्न तिथंच सुटला. सरकी काढायचं यंत्र आल्यानं काय उलथापालथ झाली असेल, हे आता त्यांना वेगळं समजावून सांगावं लागणार नव्हतं. यात हस्तकला आहे म्हणून ते चांगलं नाही. त्या अर्ध्या तासाच्या कष्टातून एक मोजमाप मिळालं आणि त्या मोजमापानं एका मोठ्या प्रश्नाला हात घातला, म्हणून ते चांगलं आहे. शिक्षक एखादा उपक्रम घेऊन आले की मी हेच विचारते: मुलांच्या हातून हे घडल्यावर कोणता प्रश्न सुटेल किंवा उभा राहील? उत्तर 'मुलांना मजा येईल' एवढंच असेल तर उपक्रम पुन्हा आखायचा.

माझी स्वतःची एक जुनी चूकही सांगते. सुरुवातीच्या काळात मी क्षेत्रभेटीसाठी 24 प्रश्नांची छापील पत्रिका देत असे. खूप मेहनतीनं तयार केलेली. शिक्षक ती घेऊन पळापळ करत, एकमेकांची उत्तरं उतरवून घेत आणि 24 रकाने भरले की झाडाखाली बसत. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. ती पत्रिका पाहण्याची सगळी मेहनत आधीच करून टाकत होती. आता एका गटाला एकच प्रश्न मिळतो, बाकीचे त्यांनी स्वतः काढायचे.

आणि प्रश्न काढणं हे शिकावं लागतं. प्रशिक्षणाचा सर्वांत मोठा वाटा मी यावर घालवते. शिक्षकांना प्रश्न विचारायची सवय भरपूर असते, पण ते प्रश्न उत्तर तपासण्यासाठीचे असतात. 'पुलाची माहिती लिहा' हा प्रश्नच नाही, ती आज्ञा आहे. 'पूल कधी बांधला?' याचं उत्तर एका आकड्यात संपतं. 'पूल इथेच का बांधला, शंभर पावलं वर का नाही?' इथं जमीन पाहावी लागते, रस्ते कुठून येतात ते पाहावं लागतं, आणि दोन शहाणी माणसं वेगवेगळी उत्तरं देऊ शकतात. प्रश्न मी तीन चाळण्यांतून काढायला सांगते. मुलांच्या आवाक्यातल्या पुराव्यावरून त्याच्या उत्तराकडे जाता येतं का? प्रामाणिक मतभेदाला त्यात जागा आहे का? आणि तो पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या मोठ्या कल्पनेपर्यंत पोचवतो का? तिसरी चाळणी विसरली जाते आणि मग परिसर अभ्यास म्हणजे गोड गोड किस्स्यांचा संग्रह होतो.

एका सत्रात शिक्षकांनी पाठ्यपुस्तकातला आपला पुढचा घटक घ्यायचा आणि त्याचा असा प्रश्न करायचा. नागरिकशास्त्रातल्या स्थानिक शासनाच्या धड्याचा प्रश्न एका गटानं असा केला: 'शाळेसमोरचा दिवा बंद पडला तर तो सुरू करण्याची जबाबदारी कुणाची, आणि ही जबाबदारी त्यांची आहे हे कुठे लिहिलेलं आहे?' दुसऱ्या भागामुळे प्रश्नाला धार आली. मुलं अंदाजानं कुणाचंही नाव घेऊ शकतात, पण 'कुठे लिहिलंय' म्हटल्यावर नियम, अधिकार, अंदाजपत्रक यांच्यापर्यंत जावंच लागतं. या सत्रात पहिल्या तासाभरात कुणालाच चांगला प्रश्न सुचत नाही. सुचवू नका. तुमच्या सुचवलेल्या प्रश्नावर शिक्षक खूश होतात, पण वर्गात नेत नाहीत.

पुराव्याकडे कसं पाहायचं, हाही मोठा भाग आहे. इतिहास कसा शिकला जातो याचे अमेरिकी अभ्यासक सॅम वाइनबर्ग यांनी 1991 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठ इतिहासकार आणि आठ हुशार शालेय विद्यार्थी यांना अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या आरंभीच्या एका चकमकीविषयीची कागदपत्रं दिली आणि मनात येईल ते मोठ्यानं बोलत वाचायला सांगितलं. विद्यार्थी पहिल्या ओळीपासून वाचू लागले. इतिहासकारांची नजर बहुधा आधी खाली गेली: हे कुणी लिहिलंय, कधी, कुणासाठी? त्यांतल्या काही इतिहासकारांचा तो विषयही नव्हता. म्हणजे फरक माहितीचा नव्हता, वाचण्याच्या सवयीचा होता, आणि सवय लावता येते. मी हाच प्रयोग शिक्षकांवर करते. एकाच घटनेची दोन परस्परविरोधी वर्णनं द्यायची आणि जोडीदारासमोर मोठ्यानं विचार करत वाचायला लावायचं, जोडीदारानं फक्त टिपून घ्यायचं. आपण पाठ्यपुस्तक वाचताना 'हे कुणी लिहिलंय' असं कधीच विचारत नाही, हे शिक्षकांच्या स्वतःच्या लक्षात येतं आणि खोली थोडी शांत होते.

बाहेर पडण्याआधी खोलीतच करण्यासारखा आणखी एक सराव आहे. 1854 मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडले. तो नकाशा कोणतीही गोष्ट न सांगता शिक्षकांसमोर ठेवते. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीची गर्दी पाच मिनिटांत सगळ्यांना दिसते आणि सगळे सुटल्यासारखे मागे टेकतात. मग मी विचारते: पंपाच्या अगदी जवळ मद्यनिर्मितीचा कारखाना आहे, तिथले कामगार का वाचले? आणि दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई का दगावली? कामगारांना प्यायला बिअर मिळत होती आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. त्या बाईला मात्र याच पंपाचं पाणी आवडायचं, म्हणून ती ते मुद्दाम मागवत असे. आपल्या म्हणण्याला न जुळणारे ठिपके शोधायचे, आणि बहुतेकदा तेच सर्वांत बोलके असतात, हे इथं जेवढं ठसतं तेवढं मला दुसऱ्या कशानंही ठसवता आलेलं नाही.

आता बोलण्याबद्दल. ही अगदी बारीक गोष्ट आहे, पण वर्ग तिच्यावरच तरतो किंवा बुडतो. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात मोजून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलं बोलतात आणि मुलं आपणहून प्रश्नही विचारू लागतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. प्रत्यक्ष थांबून पाहा, घाम फुटतो. मी तिघांचे गट करते: एक शिक्षक, एक विद्यार्थी, एक हातात घड्याळ घेऊन. वीस मिनिटं फक्त थांबायचा सराव.

आपल्या भाषेतली एक अडचणही यात येते. पुराव्याकडे वळवणारा आपला नेमका शब्द 'कशावरून?' हा आहे, पण वर्गात तो दरडावल्यासारखा ऐकू येतो. 'कशावरून म्हणतोस रे तू?' म्हटलं की मूल उत्तर मागे घेतं, कारण आजवर हा प्रश्न त्याला चुकल्यावरच विचारला गेला आहे. म्हणून सुरुवातीला 'हे तुला कुठे दिसलं? आम्हालाही दाखव' असं म्हणायला शिकवा, आणि बरोबर उत्तर देणाऱ्यालाही तितक्याच वेळा विचारा. काही आठवड्यांनी 'कशावरून?' मधली जरब निघून जाते आणि मुलं एकमेकांना तो शब्द सहज विचारू लागतात. तो दिवस शिक्षकाच्या वहीत टिपून ठेवण्यासारखा असतो.

माणसांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर वेगळी तयारी लागते. थोडक्यात सांगते: आधी परवानगी, मुलाखत कशासाठी ते स्पष्ट सांगणं, मोठे उघडे प्रश्न, मध्ये न तोडणं आणि ऐकलेलं परत नेऊन त्यांना वाचून दाखवणं. शिक्षकांनी एकदा तरी स्वतः मुलाखत देऊन पाहावी. समोरचा दुसऱ्याच मिनिटाला वहीत मान घालून लिहीत बसला की बोलणाऱ्याला कसं वाटतं, ते कळतं.

मुलांना बाहेर नेण्याच्या तयारीबाबत इस्राएलमधले भूविज्ञान शिक्षणाचे अभ्यासक नीर ओरायन यांचं काम मला फार उपयोगी पडलं. नव्या जागी मुलाचं डोकं तीन प्रकारच्या नवेपणानं भरून जातं: विषय नवा, जागा नवी आणि 'आज नेमकं काय होणार, किती चालायचं, कधी परतायचं' ही अनिश्चितता. हे नवेपण जितकं जास्त, तितकं शिकणं कमी. 1994 मध्ये होफस्टाइन यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही त्यांना पूर्वतयारीचा हा परिणाम दिसला. म्हणून आदल्या तासाला जागेचा नकाशा आणि छायाचित्रं दाखवा, दिवसाचा क्रम सांगा, वापरायची साधनं आधी हाताळू द्या. शिक्षकांना वाटतं, सगळं आधीच सांगितलं तर गंमत जाईल. मुलांचं लक्ष मोकळं झालं तरच ती पाटीखालची झिजलेली ओळ पाहतील.

इथं एका खऱ्या आक्षेपाला उत्तर द्यायला हवं, कारण प्रशिक्षणात कुणी तरी तो घेतंच: 'मुलांवर सोडलं तर ती काहीच शिकत नाहीत.' कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी 2006 मध्ये नेमकी हीच बाजू मांडली: नवशिक्याला पुरेसं मार्गदर्शन न देता शोध घ्यायला लावलं तर त्याच्या स्मरणावर नको तेवढा ताण येतो. माझ्या अनुभवात त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर आहे, आणि जे प्रशिक्षक 'शिक्षकानं काहीच सांगायचं नाही' असं शिकवतात ते शिक्षकांचं नुकसान करतात. सांगायचं, जरूर सांगायचं. प्रश्न आहे तो कधी सांगायचं याचा. श्वार्ट्झ आणि ब्रॅन्सफर्ड या संशोधकांच्या 1998 च्या प्रयोगांत विद्यार्थ्यांनी आधी उदाहरणांची तुलना करून फरक शोधले आणि मग व्याख्यान ऐकलं, तेव्हा तेच व्याख्यान त्यांना कितीतरी अधिक उपयोगी पडलं. पुलाच्या प्रसंगातही दुसऱ्या दिवशी मी रस्ते, वाहतूक आणि वस्तीची वाढ यांच्या संबंधावर अर्धा तास सरळ व्याख्यान दिलं. कुणी जांभई दिली नाही. आदल्या दिवशी त्या व्याख्यानाची भूक लागलेली होती.

परिसराधारित शिकवण्यात दोन खड्डे आहेत, त्यांची कल्पना शिक्षकांना आधीच द्यावी. पहिला म्हणजे परिसराचं कौतुक. कोनशिलेवर उद्घाटकाचं नाव असतं, दगड घडवणाऱ्याचं नसतं. कुठल्याही जागेवर गेलं की 'इथं कुणाचं नाव नाही?', 'ही जागा कुणाला मोकळेपणानं वापरता येत नाही?' हे प्रश्न यायलाच हवेत. त्यांतून वर्गात अवघड बोलणं निघतं, कधी घरापर्यंत जातं. शिक्षकाला हे एकट्यानं पेलायला लावू नका. असे दोन-तीन प्रसंग प्रशिक्षणात वठवून पाहा: एखादं मूल दुसऱ्याच्या समाजाबद्दल टोचून बोललं, तर पुढचं वाक्य काय? तत्त्व सगळ्यांना माहीत असतं, ऐन वेळी वाक्य सुचत नाही. दुसरा खड्डा म्हणजे परिसरातच अडकणं. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1892 पासून एडिंबरामधल्या एका जुन्या मनोऱ्यात उभारलेल्या प्रदर्शनाची रचना इथं डोळ्यांपुढे ठेवावी. पाहुणा आधी वरच्या मजल्यावर जाऊन भोवतालचं शहर पाही, मग एकेक मजला उतरत शहर, स्कॉटलंड, युरोप असं करत तळमजल्यावर जगापर्यंत पोचे. ओढ्यावरच्या पुलापासून निघालेली मुलं जगाच्या नकाशापर्यंत पोचायला हवीत. काँक्रीटचा निम्मा भाग दगडाचा का नाही, हा प्रश्न तिथं नेतो.

'पण अभ्यासक्रम पुरा कसा करायचा?' हा प्रश्न शिक्षक विचारतात तेव्हा तो निमित्त समजू नका, तो खरा आहे. सगळे घटक असे शिकवता येत नाहीत आणि शिकवूही नयेत. मी शाळेच्या एका सहामाही सत्रात एकच घटक मागते, त्यासाठी चार ते सहा तासिका, आणि तेवढ्या तासिका कुठून वाचवायच्या हे शिक्षकांसोबत बसून त्यांच्या नियोजनाच्या वहीत प्रत्यक्ष लिहून काढते. सोपे, माहितीपर घटक एका तासिकेत उरकायची परवानगी द्या. मूल्यमापनालाही थोडा हात लावावा लागतो. घटक चाचणीत एक तरी प्रश्न असा हवा, ज्यात न पाहिलेलं चित्र किंवा उतारा देऊन 'यावरून काय म्हणता येईल, आणि काय म्हणता येणार नाही?' असं विचारलेलं असेल. चाचणीत जे विचारलं जात नाही ते वर्गातून हळूहळू नाहीसं होतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. दोन दिवस एकत्र घेऊ नका. तेच बारा तास, फार तर दोन-चार जास्त, सहा महिन्यांवर पसरा. पहिला पूर्ण दिवस वर सांगितल्यासारखा, शाळेजवळ, शिक्षक शिकणारे. त्यानंतर दहा दिवसांच्या आत प्रत्येकानं वर्गात एक अगदी छोटा प्रयत्न करायचा, एका तासिकेचा, शाळेच्याच आवारात. दहा दिवस उलटले की धार बोथट होते. मग दर महिन्याला दीड-दोन तासांची बैठक, आणि तिथं शिक्षकांनी फक्त एकच गोष्ट आणायची: मुलांचं काम. वह्या, चित्रं, मुलांनी विचारलेले प्रश्न. जपानमध्ये शंभराहून अधिक वर्षं शिक्षक मिळून पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे पाहतात आणि नंतर चर्चा करतात. पाहणाऱ्यांची नजर शिकवणाऱ्यावर नसून मुलांवर असते. तेवढा एक नियम पाळला तरी सहकाऱ्यासमोर शिकवण्याची भीती खूप कमी होते.

शाळेतून एकट्या शिक्षकाला बोलावू नका, दोघांना बोलवा. आणि मुख्याध्यापकांना उद्घाटनाला न बोलावता त्या 500 पावलांच्या फेरीला बोलवा, हातात वही देऊन. वर्ग ओढ्याकाठी उभा दिसला की 'तासिका वाया चालली' असं त्यांना वाटणार नाही याची याहून चांगली व्यवस्था मला माहीत नाही.

परिणाम पाहायला महिन्याभरानं वर्गात जाल तेव्हा शिक्षक नवी पद्धत वापरतात का, हे शोधू नका. मागच्या बाकावर बसा, वहीत दोन रकाने आखा आणि मुलांनी विचारलेले प्रश्न लिहून काढा: एका बाजूला 'सर, हे लिहायचं का?' या जातीचे, दुसऱ्या बाजूला विषयाबद्दलचे. पहिल्या भेटीत दुसरा रकाना बहुधा रिकामा असेल. तारीख टाकून ते पान जपून ठेवा, शिक्षकालाही दाखवा, आणि पुढच्या भेटीला तीच वही घेऊन जा.